चिचुंद्री धडधाकट दिसते, मग मातीतले शिसे आणि कॅडमियम तिच्या अंगात जाते कुठे?

मळीकर

सर्वांना नमस्कार. पंचगंगेच्या काठाला आमची दीड एकर मळीची जमीन आहे आणि तिच्यात ऊस असतो. 2020 साली ओढ्याकडेचा एक मोठा खड्डा बुजवायचा होता, तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याने फौंड्रीतली वापरून टाकलेली काळी वाळू फुकट आणून दिली. ती नेमकी कोणत्या कारखान्याची, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही. पुढच्याच वर्षी जुलैच्या पुरात त्या वाळूचा बराच भाग उसाच्या सऱ्यांमध्ये पसरला आणि आता ती मातीत इतकी मिसळली आहे की वेगळी काढता येत नाही.

शेताच्या कडेला आमचे बंद पडलेले गुऱ्हाळघर आहे. त्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते आणि खाली जमिनीवर त्यांनी ओकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या पडलेल्या असतात. रानात घुशी, उंदीर आणि चिचुंद्र्या भरपूर आहेत. माझी मुलगी बारावीला आहे. जड धातू लहान वन्य प्राण्यांच्या शरीरात साठत जातात, असे तिने कुठेतरी वाचले आणि मला विचारले, "बाबा, आपल्या रानातली चिचुंद्री मग आजारी का दिसत नाही?" मला उत्तर देता आले नाही.

धातू खरोखरच साठत असतील तर हे प्राणी इतके चपळ आणि धडधाकट कसे राहतात, त्यांच्या शरीरात बचावाची कोणती व्यवस्था असते, आणि त्यांच्याकडे पाहून आमच्या मातीविषयी काही निष्कर्ष काढता येईल का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती. उत्तर लांबले तरी चालेल.

घाटमाथा

मळीकर, मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे आणि तुमच्या मुलीचा प्रश्न मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण धडधाकट दिसणे आणि अंगात धातू नसणे या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो.

सुरुवात प्राण्यांपासूनच करू, कारण आपण या सगळ्यांना एका दावणीला बांधतो आणि इथे तसे करून चालत नाही. घूस आणि उंदीर हे कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी आहेत. त्यांचे मुख्य खाणे दाणे, कंद, ऊस, गवत. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती कृंतक नाही. ती किडे, झुरळे, रातकिडे, गांडुळे आणि मातीतल्या अळ्या खाते. धातूंच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. गांडूळ माती गिळत जगते आणि मातीतले कॅडमियम त्याच्या शरीरात इतके साठते की पुष्कळदा त्याच्या अंगातील प्रमाण भोवतालच्या मातीहून जास्त निघते. म्हणजे चिचुंद्रीच्या तोंडात जाणारा घास आधीच दाट झालेला असतो. त्यात तिचे शरीर लहान, चयापचय वेगवान आणि भूक मोठी. काही लहान जातींच्या चिचुंद्र्या तर एका दिवसात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके अन्न खातात. युरोपात जुन्या खाणी आणि जस्त गाळणाऱ्या भट्ट्यांच्या आसपास अशा पाहण्या बऱ्याच झाल्या आहेत आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे: एकाच कुरणात पकडलेल्या उंदरापेक्षा चिचुंद्रीच्या यकृतात व मूत्रपिंडात कॅडमियम कितीतरी पट जास्त असते. स्पेनमध्ये 25 एप्रिल 1998 रोजी अथनालकोयार येथील खाणीच्या गाळाचा बांध फुटून विषारी चिखल ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात पसरला, त्यानंतर तिथल्या उंदरांचा आणि चिचुंद्र्यांचा अभ्यास याच कारणासाठी केला गेला.

आता बचावाकडे वळू. पहिली फळी आतड्यात असते. खाल्लेल्या कॅडमियमपैकी अगदी थोडा भाग, काही टक्केच, आतड्यातून पुढे रक्तात जातो. बाकीचा विष्ठेतून निघून जातो आणि काही भाग आतड्याच्या अस्तराच्या पेशींतच अडकतो. त्या पेशी काही दिवसांतच झडत असल्यामुळे त्यांच्याबरोबर तोही बाहेर पडतो. मात्र आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे दार सैल होते. कॅडमियम आणि शिसे यांच्यासाठी शरीराने वेगळा रस्ता केलेला नाही. लोह, जस्त आणि कॅल्शियम यांच्यासाठी असलेल्या वाटांनीच हे धातू आत शिरतात.

दुसरी फळी हा या विषयाचा गाभा आहे. 1957 मध्ये मार्गोशीज आणि व्हॅली या संशोधकांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारे एक छोटे प्रथिन सापडले. पुढे त्याचे नाव मेटॅलोथायोनिन पडले. सस्तन प्राण्यांत त्याचा रेणू साधारण 61 ते 68 अमिनो आम्लांचा असतो आणि त्यांपैकी 20 सिस्टीन असतात, म्हणजे जवळपास प्रत्येक तिसरे. सिस्टीनमध्ये गंधक असते आणि कॅडमियम, जस्त, तांबे व पारा यांना गंधकाची मोठी ओढ असते. एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू आपल्या घडीत आवळून धरतो. एरवी या प्रथिनावर जस्त बसलेले असते. कॅडमियम आले की ते जस्ताला हुसकावून त्याची जागा घेते, मोकळे झालेले जस्त पेशीतील एका नियामक प्रथिनाला जागे करते, आणि ते नियामक प्रथिन मेटॅलोथायोनिनच्या जनुकाला आणखी उत्पादनाचा हुकूम देते. शत्रू येताच त्याच्याच पावलांच्या आवाजाने पहारेकरी वाढावेत, अशी ही रचना आहे. मला ती शिकवताना दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटत आले आहे. 1990 च्या दशकात हे प्रथिन बनवू न शकणारे उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले, तेव्हा साधे उंदीर सहज सोसतात तेवढ्या कॅडमियमनेही त्यांच्या यकृताला मोठी इजा झाली.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे नेमके उत्तर इथे दडलेले आहे. हे प्रथिन कॅडमियमला शरीराबाहेर हाकलत नाही, ते त्याला बांधून ठेवते. बांधलेला धातू पेशीला इजा करत नाही, म्हणून प्राणी ठणठणीत दिसतो. पण धातू आतच असतो आणि वयाबरोबर वाढत राहतो. यकृतातून हा बांधलेला साठा हळूहळू रक्तात उतरतो, मूत्रपिंडात गाळला जातो आणि तिथल्या नलिकांच्या पेशी प्रथिन वाया जाऊ नये म्हणून तो पुन्हा ओढून घेतात. त्या पेशींत प्रथिनाचे पचन होते आणि कॅडमियम मोकळे सुटते. पेशीने लगेच नवे मेटॅलोथायोनिन बनवून ते पुन्हा बांधले तर ठीक. साठा पेशीच्या आवाक्याबाहेर गेला की मूत्रपिंडाची इजा सुरू होते. एक उपयोगी ठोकताळाही आहे. दीर्घकाळ थोडे थोडे कॅडमियम मिळालेल्या प्राण्यात मूत्रपिंडातील प्रमाण यकृताहून जास्त असते, आणि अलीकडे एकदम मोठी मात्रा मिळाली असेल तर यकृतातील प्रमाण वर चढते.

शिशाची तऱ्हा वेगळी आहे. शिसे कॅल्शियमची नक्कल करते, त्यामुळे शरीर ते हाडांत पुरते. प्रौढ माणसाच्या शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. मूत्रपिंडाच्या पेशी शिसे प्रथिनाबरोबर गुंडाळून केंद्रकात त्याच्या गाठी करून ठेवतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हाडातले शिसे मात्र कायमचे पुरलेले नसते. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडले की ती स्वतःच्या हाडांतून ते काढते, आणि त्याबरोबर शिसेही दुधात उतरते.

तिसरी फळी म्हणजे ग्लुटॅथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटॅलेज, ग्लुटॅथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे, म्हणजे एन्झाइम. तांबे आणि लोह मोकळे राहिले तर घातक मुक्त मूलके, म्हणजे पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, स्वतःच निर्माण करतात. कॅडमियम तसे करत नाही, पण ग्लुटॅथायोनचा साठा संपवून ते पेशीला उघडे पाडते. या विकरांचे माप घेऊन प्राणी त्रासात आहे की नाही हे ठरवण्याचा प्रयत्न पुष्कळ अभ्यासांत होतो. त्याविषयी मी विद्यार्थ्यांना नेहमी सावध करत आलो आहे. मध्यम त्रासात ही विकरे वाढतात आणि फार त्रासात ती खचतात. म्हणजे मधला एखादा आकडा चढताना मिळाला की उतरताना, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. गाभण मादी, पोटातले जंत, ऋतू आणि सापळ्यात काढलेली रात्र, या साऱ्यांनी हे आकडे हलतात.

जाता जाता एक गोष्ट. आर्सेनिकच्या अभ्यासात प्रयोगशाळेतला मोठा उंदीर फसवा ठरतो, कारण त्याचे हिमोग्लोबिन आर्सेनिकला धरून ठेवते आणि त्याच्या रक्तात ते असामान्यपणे साठते. छोट्या उंदरात किंवा माणसात तसे होत नाही. एका प्राण्याचे माप दुसऱ्याला लावताना किती जपावे लागते, हे यावरून लक्षात यावे.

साचेवाला

मी फौंड्रीत साचेकामावर आणि नंतर गुणवत्ता तपासणीवर बरीच वर्षे काढली आहेत. घाटमाथा सरांचे विवेचन वाचून मला काळ्या वाळूविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटले, कारण मळीकरांची भीती योग्य असली तरी ती योग्य ठिकाणी असायला हवी.

आपल्याकडच्या बहुतेक फौंड्री बिडाच्या, म्हणजे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नच्या कास्टिंगच्या आहेत. त्यांची साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, दगडी कोळशाची भुकटी आणि पाणी. ती काळी दिसते ती कोळशामुळे. केवळ लोखंडी कास्टिंगची अशी वाळू जड धातूंच्या दृष्टीने सहसा सौम्य असते. पितळ आणि ब्राँझ ओतणाऱ्या फौंड्रीच्या वाळूत मात्र शिसे, तांबे आणि जस्त लक्षणीय असू शकते. आणि सर्वांत जपण्यासारखी गोष्ट म्हणजे भट्टीच्या धुराड्यावरील फिल्टरमध्ये जमणारी बारीक धूळ. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आणि जुन्या रंगाचे तुकडे असतात. वितळताना त्यातील जस्त आणि शिसे वाफेने वर जाऊन त्या धुळीत उतरते. ही धूळ वाळूच्या ढिगात मिसळून बाहेर टाकणे हा गुन्हा आहे, असे मी कामावर असताना स्पष्टपणे सांगत आलो आणि आजही सांगतो.

म्हणून तुमच्या खड्ड्यात नेमके काय पडले, हे रंगावरून कळणार नाही. मूठभर वाळू हातात घेऊन पाहा. दाणेदार, जळकट वासाची आणि एकसारखी असेल तर ती बहुधा साच्याची. तिच्यात राखाडी, पिठासारखी मऊ धूळ किंवा पिवळ्या धातूचे कण दिसले तर ती तपासल्याशिवाय त्या तुकड्यात भाजीपाला लावू नका. पाहताना हातमोजे घाला आणि ती धूळ उडू देऊ नका.

आणखी एक, शिशाचा सगळा दोष वाळूला देण्याआधी रस्त्याचाही विचार करा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, पण त्याआधी कित्येक दशके ते वाहनांतून बाहेर पडत होते. जुन्या वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत बसलेले शिसे तिथेच राहते; ते कुजत नाही आणि सहसा वाहूनही जात नाही.

पिंगळा

मी पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी आहे आणि गव्हाणी घुबडांच्या गोळ्यांवर, ज्यांना आम्ही पेलेट म्हणतो, थोडे काम केले आहे. मळीकर काका, तुमच्या गुऱ्हाळघराच्या जमिनीवर जे पडले आहे ते माझ्या दृष्टीने भांडार आहे.

घुबड उंदीर किंवा चिचुंद्री बहुधा अख्खी गिळते. दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्या-घारींच्या तुलनेत घुबडाच्या जठरातले आम्ल सौम्य असते, त्यामुळे हाडे फारशी विरघळत नाहीत आणि केसांत गुंडाळून जवळपास पूर्ण बाहेर येतात. एका रात्रीत साधारण एक किंवा दोन पेलेट पडतात. त्यातील कवट्या पाहून, एकही प्राणी न मारता, तुमच्या रानात कोण राहते आणि घुबड काय खाते हे समजते. उंदराच्या किंवा घुशीच्या कवटीत पुढचे दात छिन्नीसारखे व पिवळसर-नारिंगी असतात आणि त्यांच्या मागे मोठी रिकामी फट असते. चिचुंद्रीची कवटी लांबट असते, दातांची रांग टोकदार आणि अखंड असते, आणि गालाच्या हाडाची कमान तिला नसतेच. एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

धातूंच्या संदर्भात इथे एक सुंदर गोष्ट घडते. शिसे हाडांत असते आणि हाडे पेलेटमधून बाहेर पडतात, म्हणून शिकारीच्या अंगातील बरेचसे शिसे घुबडाच्या शरीरात उतरतच नाही. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात असते, ते अवयव पचतात, म्हणून ते घुबडाच्या आतड्यापर्यंत पोहोचते. तिथेही त्याचा थोडाच भाग शोषला जातो. अन्नसाखळीत वर चढताना प्रत्येक धातू वाढतच जातो, असे पाठ्यपुस्तकांतून सरसकट वाचायला मिळते, पण ते खरे नाही. मिथाइल पाऱ्याच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका सेंद्रिय रूपाच्या, बाबतीत ते खरे आहे आणि जपानमधील मिनामाताच्या मांजरांनी आणि माणसांनी त्याची भयंकर किंमत मोजली. कॅडमियम आणि शिसे यांचा हिशेब कोण कोणाचा कोणता अवयव खातो, यावर ठरतो.

पेलेट उचलताना मात्र हातमोजे आणि मास्क अवश्य वापरा, आणि उघडण्यापूर्वी ते फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवता आले तर बरे. खाण्याच्या वस्तूंच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. घुशी आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे आपल्याकडे पुरानंतर दर वेळी ऐकायला मिळते; म्हणून जिवंत किंवा मेलेला प्राणी उघड्या हाताने धरू नये. आणि घरटे चालू असेल तर त्या काळात आढ्याखाली फार वेळ थांबू नका, जोडी घरटे सोडून जाण्याची भीती असते.

मळीकर

सर्वांचे मनापासून आभार. चिचुंद्री उंदराच्या जातीची नाही, हे मला या वयात कळले. साचेवाले दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाळू पाहिली. बहुतेक दाणेदार आणि काळीच आहे, परंतु ओढ्याच्या बाजूला एका ठिकाणी राखाडी मऊ थर लागला. तिथे आईने लावलेली मेथी आणि लाल माठ होता. तो काल उपटला.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या घरातल्यांनी रक्त तपासून घ्यावे का? आणि पेलेटमधली हाडे प्रयोगशाळेत देऊन, रानात शिसे आहे की नाही हे ठरवता येईल का? पुरानंतर एक-दोन वर्षे उंदीर फार कमी दिसले होते, आता पुन्हा वाढले आहेत. याचा काही संबंध असेल तर तोही सांगावा.

करवीर_वैद्यक

मी डॉक्टर आहे. माणसांविषयीचा भाग मी लिहिते.

चिचुंद्रीत जे मेटॅलोथायोनिन प्रथिन आहे तेच आपल्यातही आहे आणि आपलीही व्यवस्था बांधून ठेवण्याचीच आहे. माणूस दीर्घायुषी असल्यामुळे ती आपल्याला जास्त महाग पडते. रानातला उंदीर वर्षभर जगला तरी पुष्कळ. त्याचे मूत्रपिंड भरण्याआधी तो घुबडाच्या किंवा धामणीच्या पोटात जातो. माणसाच्या मूत्रपिंडातील कॅडमियम निम्मे व्हायला 10 ते 30 वर्षे लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकवलेला भात खाऊन लोकांना, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना, हाडे ठिसूळ होण्याचा इताई-इताई हा रोग झाला आणि 1968 मध्ये तिथल्या सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. ज्या स्त्रियांच्या शरीरात लोह कमी असते त्यांच्या आतड्यातून कॅडमियम जास्त शोषले जाते, म्हणून आपल्या घरातील स्त्रियांचे हिमोग्लोबिन हा माझ्या मते या प्रश्नाचाच भाग आहे.

कॅडमियम म्हटले की परके वाटते, पण दागिन्यांच्या संदर्भात ऐकू येणारा 'केडीएम' हा शब्द त्याच्यावरूनच आला आहे. सोन्याला डाख देताना कॅडमियम वापरले जाई आणि त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाई. तंबाखूचे पानही मातीतले कॅडमियम भरपूर ओढते. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातील कॅडमियमचा साठा न करणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर वाळूच्या चौकशीबरोबर तीही आजच बंद करा.

तपासणीचे म्हणाल तर घाबरून सर्वांच्या साऱ्या तपासण्या करू नका. घरात लहान मूल असेल आणि ते त्या ओढ्याच्या बाजूला मातीत खेळत असेल तर त्याच्या रक्तातील शिसे जरूर तपासा. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण 10 टक्के शोषतो, तर लहान मूल 50 टक्क्यांपर्यंत शोषू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तातील शिसे 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक निघाले तर शिसे कुठून येते ते शोधून तो संपर्क थांबवायला हवा. त्याहून कमी प्रमाण सुरक्षित आहे, असा याचा अर्थ नाही. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित पातळी सापडलेली नाही.

घाटमाथा

मळीकर, पुराचा संबंध आहे, आणि तुम्ही तो स्वतःहून विचारलात याचे मला विशेष वाटले. पुरात मळीतले बिळातले प्राणी बुडतात किंवा उंचावर पळतात. पाणी ओसरल्यावर जे येतात ते बाहेरून आलेले आणि बरेचसे तरुण असतात. कॅडमियम वयाबरोबर साठत असल्यामुळे अशा नवागतांच्या अंगात ते कमी निघेल, आणि कोणी घाईने म्हणेल की माती स्वच्छ आहे. ऊसतोडणीनंतरही असेच होते. फड मोकळा झाला की प्राणी शेजारच्या रानात जातात, म्हणजे जो प्राणी सापडला तो तुमच्याच मातीवर वाढला असेल असे नाही. म्हणूनच या विषयातले लोक प्राण्याचे वय, मिळाले तर डोळ्याच्या भिंगाच्या सुक्या वजनावरून किंवा दातांच्या झिजेवरून, आधी ठरवतात आणि मगच धातूंचे आकडे एकमेकांशेजारी मांडतात.

पेलेटमधल्या हाडांतून शिशाचा अंदाज मिळू शकतो, पण घुबड रात्री बरेच लांब फिरते. त्या हाडांचा मालक तुमच्या ओढ्यावरचा की पलीकडच्या गावातला, हे हाड सांगणार नाही. तुम्हाला स्वतःच्या मातीविषयी जाणून घ्यायचे आहे, तर माती तपासा. राखाडी थराची, सऱ्यांची आणि वाळू कधीच न पोहोचलेल्या वरच्या कोपऱ्याची माती वेगवेगळी घ्या. लोखंडी खुरप्याने न घेता प्लास्टिकच्या किंवा लाकडी उलथन्याने घ्या आणि स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून प्रत्येकीवर जागा व तारीख लिहा. एकूण शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, क्रोमियम, निकेल आणि मातीचा सामू, म्हणजे आम्लता सांगणारा पीएच, एवढे मागा. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद आणि पालाश येते, जड धातू त्यात नसतात, म्हणून तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते.

सामूचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडे, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीच्या बाजूला, पावसाने धुतलेली तांबडी आम्लधर्मी माती आहे आणि पूर्वेकडे हातकणंगले-शिरोळच्या बाजूला चुनखडी असलेली काळी जमीन आहे. आम्लधर्मी मातीत कॅडमियम सहज सुटे होते आणि पिकात व गांडुळात जाते. चुनखडीच्या जमिनीत तेवढेच कॅडमियम बरेचसे जखडलेले राहते. एकूण आकडा सारखा असूनही दोन ठिकाणच्या चिचुंद्र्यांचे नशीब त्यामुळे निराळे असते. सुपरफॉस्फेटमधूनही थोडे कॅडमियम शेतात येत असते, कारण ते ज्या खडकापासून बनते त्या खडकातच ते असते. म्हणून वरच्या कोपऱ्याचा नमुना तुलनेसाठी लागतो.

जिवंत प्राणी पकडण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आणि गरजेप्रमाणे वनविभागाची परवानगी लागते. शिवाय एका चिचुंद्रीच्या यकृताचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. ओल्या वजनावर काढलेला आकडा सुक्या वजनावर तिपटी-चौपटीने मोठा दिसतो, स्टेनलेस स्टीलची कात्री नमुन्यात क्रोमियम आणि निकेल सोडू शकते, आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या अवयवातून धातू द्रावणात उतरतात. हे काम प्रशिक्षित हातांनी, पुरेशा संख्येने आणि स्वच्छ ठिकाणच्या प्राण्यांशी तुलना करूनच व्हावे. पिंगळा, शिवाजी विद्यापीठात किंवा तुमच्या महाविद्यालयात कोणा मार्गदर्शकांना हा विषय सुचवता आला तर पाहा. पंचगंगेच्या मळीतली चिचुंद्री, पुराआधी आणि पुरानंतर, हा प्रश्न आपल्या मातीतला आहे आणि तो आपल्याच मुलांनी हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पिंगळा

सर, मी पुढच्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शकांशी बोलते. काका, तुमची हरकत नसेल तर पेलेट गोळा करायला येईन. तोवर जमीन झाडू नका.

मळीकर

जरूर या. मातीचे तीन नमुने काल सरांनी सांगितल्याप्रमाणे वेगळे भरले आणि मुलीने प्रत्येक पिशवीवर जागा लिहिली. ओढ्याच्या बाजूला कुंपण घातले आहे. घरात पाच वर्षांचा पुतण्या आहे, तो तिकडेच खेळायचा; त्याचे रक्त उद्या तपासायला देत आहोत.

काल संध्याकाळी मुलीने हातमोजे घालून तीन पेलेट उघडले. सात कवट्या निघाल्या. चार नारिंगी दातांच्या, फट असलेल्या. तीन लांबट, टोकदार दातांच्या, आणि त्यांना गालाची कमान नव्हती. तिने त्या तिन्ही कवट्या वेगळ्या पिशवीत ठेवून वर तारीख घातली आहे.